नीतीचा कायदा करावा का? आधी फिर्यादी कोण ते सांगा

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या एका तरुण ग्रामपंचायत सदस्याचा आहे. येत्या ग्रामसभेत त्यांच्या गावात एक लांबलचक ठराव येतोय. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं. वरातीत डीजे नको. आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. संध्याकाळी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. आणि आईवडिलांच्या सहीशिवाय लग्न करणाऱ्या मुलामुलींच्या घरच्यांना ग्रामपंचायतीचा कुठलाही दाखला द्यायचा नाही. यावरून गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, ‘ठराव कसले करताय, सरकारनंच कायदा करायला पाहिजे.’ दुसरा म्हणतो, ‘नीती ज्याची त्याच्यापाशी, सरकारचा काय संबंध?’ सदस्यांनी विचारलंय: वकीलसाहेब, सरकारनं नीतिमत्तेचे कायदे करावेत का, आणि आमच्या ठरावातलं कोर्टात काय टिकेल?

‘सरकारचा काय संबंध’ म्हणणाऱ्यांचं आधी बघू, कारण ते लवकर निकाली निघतं. अस्पृश्यता राज्यघटनेच्या कलम १७ ने संपवली, ती नीतीच्याच आधारावर. सतीबंदी, हुंडाबंदी, बालविवाहबंदी, बायकोला मारहाण करणाऱ्यावरचा खटला, हे सगळे कोणाच्या तरी ‘आमच्यात असंच चालतं’ याच्या विरोधात उभे राहिलेले कायदे आहेत. नीती वगळून कायदा लिहायचा ठरवला तर वाहतुकीचे नियम आणि मोजमापांचे तक्ते एवढंच उरेल. तेव्हा हा तट हरला.

‘सरकारनंच करावं’ म्हणणारा तट हरतो तो पोलीस ठाण्यात. ते विधानसभेच्या गॅलरीतून दिसत नाही. फौजदारी वकिली करणाऱ्याला मात्र रोज दिसतं, म्हणून तिथलंच सांगतो.

दारूबंदी कायद्याखालची फिर्याद तुम्ही कधी वाचलीय का? सातारा असो, कराड असो की सांगलीकडचं कुठलं तालुका कोर्ट, मजकूर तोच असतो. अमुक तारखेस अमुक वाजता, बसस्टॉपच्या पाठीमागे आडोशास, इसम नामे अमुक हा ‘बेकायदा बिगरपरवाना देशी दारूच्या बाटल्या चोरटी विक्री करण्याच्या उद्देशाने आपले कब्जात बाळगले स्थितीत मिळून आला.’ खाली मुद्देमाल: १८० मिलीच्या बाटल्या, पिशवी, थोडी रोकड. फिर्यादीच्या नावापुढे पोलीस अंमलदाराचं नाव आणि ‘सरकारतर्फे’. पंच दोन. पुढे खटला उभा राहतो तेव्हा पंच साक्षीला येऊन सांगतो, ‘मला ठाण्यात बोलावून सही घेतली, माल माझ्यासमोर जप्त केला नाही.’ पंच फितूर जाहीर होतो, सरकारी वकील उलटतपास घेतात, संशयाचा फायदा, निर्दोष. नाहीतर आरोपीच पहिल्या तारखेला कबुली देतो, दंड भरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच आडोशाला उभा असतो. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण असतं तेही बघा. बहुतेकदा पिशवीवाला, कधी हातभट्टीची विधवा म्हातारी. ज्याच्या गोदामातून माल येतो त्याचं नाव मुद्देमालाच्या लेबलवर असतं, दोषारोपपत्रात नसतं.

त्या फिर्यादीत ‘सरकारतर्फे’ हा जो शब्द आहे, त्यावर बोट ठेवा. माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल तिथे लागतो. कायद्याने ज्याला वाईट ठरवलंय, ते केल्यामुळे जिचं किंवा ज्याचं काही गेलं, असं माणूस फिर्यादी म्हणून उभं राहू शकतं का? राहत असेल तर कायदा करा, जोरात करा, समाज नाराज झाला तरी करा. फिर्यादीच्या जागी नुसता बघणारा असेल, ज्याची तक्रार एवढीच की ‘मला हे बघवत नाही’, तर तो कायदा करू नका. केलात तर तो हप्त्याच्या कामी येईल. पोलिसाला कधी पकडायचं आणि कधी सोडायचं हे ठरवायची मोकळीक मिळाली की त्या मोकळिकीची किंमत ठरते, आणि ती कुठल्या राजपत्रात छापून येत नाही.

मटक्याचंही तसंच आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, कलम १२ अ, चिठ्ठ्यांचं पुस्तक, पेन आणि रोकड जप्त. इकडे महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. एकाच टपरीच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांपैकी एकाला पकडताना हवालदाराला काय वाटत असेल, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्या कायद्याबद्दल माझं मत वेगळं आहे, कारण तिथे कर्जात बुडालेल्या पोरांचे आईबाप खरोखर दारात उभे होते. अंमल कसा होतो ते पुढे दिसेल.

आता आपल्याकडचं मोठं उदाहरण. डान्सबार बंदी २००५ ची, आणि ती आणणारे गृहमंत्री आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. आबांच्या हेतूबद्दल शंका घेणारा माणूस सातारा-सांगलीत सापडणार नाही आणि मीही घेणार नाही. शेतं विकून बारमध्ये पैसे उडवणारी पोरं गावोगावच्या लोकांनी पाहिली होती. पण कायदा लिहिताना तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली गेली. म्हणजे तेच नृत्य झुंबराखाली झालं तर सभ्य आणि ट्यूबलाइटखाली झालं तर अश्लील. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सरकारने नवा कायदा केला, त्यातल्याही बऱ्याच अटी जानेवारी २०१९ मध्ये उडाल्या. धार्मिक स्थळ आणि शाळेपासून एक किलोमीटरची अट त्यातलीच. मुंबईत अशी जागा उरतेच कुठे? या सगळ्या वर्षांत नाचणाऱ्या बाईला कोणी फिर्यादीही केलं नाही आणि साक्षीदारही नाही. तिचा रोजगार तेवढा गेला.

त्याच आबांची दुसरी कामं बघा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २०००-०१ पासूनचं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, २००७ ची. दोन्हींत दंड नाही, बक्षीस आहे, शेजारच्या गावाशी चढाओढ आहे. हातात खराटा घेऊन सरपंचासकट सगळे बाहेर पडले ते शिक्षेच्या भीतीने पडले नाहीत. आणि कोरेगावच्या सदस्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो: पळून गेलेल्या जोडप्यांची लग्नं लावून देण्याचं काम ठिकठिकाणच्या तंटामुक्ती समित्यांनी केलेलं आहे. हारतुरे घालून, अध्यक्षांच्या सहीनिशी. तुमच्याही गावच्या समितीचं जुनं रजिस्टर उघडून बघा. ज्या लग्नांना तेव्हा गावाने अक्षता टाकल्या, त्याच लग्नांसाठी आता दाखले अडवायचा ठराव करताय का, हे निदान कळेल.

गावातली जुनी माणसं अशा वेळी इंग्रजांच्या काळात भूमिगतांनी उभारलेल्या प्रतिसरकारचा दाखला देतात, हे मला ठाऊक आहे. ‘नाना पाटलांच्या वेळी दारू बंद होती की नाही? बायकोला टाकणाऱ्याला वठणीवर आणलं की नाही?’ आणलं. १९४३ ते ४६ या काळात, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भागही साताऱ्यातच होता तेव्हा, गावोगाव न्यायदान मंडळं बसली, दारूच्या भट्ट्या मोडल्या, कमी खर्चातली गांधी लग्नं लागली. माझा त्या इतिहासावर जीव आहे. पण त्याची दोन वैशिष्ट्यं आठवणीतून निसटतात. एक, ती माणसं स्वतः जीव धोक्यात घालून भूमिगत हिंडत होती, त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते ग्रामपंचायतीच्या शिक्क्यातून येत नाही. दोन, ज्याच्या तळपायावर काठ्या पडल्या त्याला वकील नव्हता आणि अपील नव्हतं. परक्या सरकारशी लढताना ते चाललं असेल. आज तुमच्या गावात ज्याच्यावर राग आहे तो, आणि ज्याच्यावर दोष आहे तो, हे दोघे एकच असतील याची हमी कोण देणार?

इथपर्यंत माझी कसोटी सोपी वाटत असेल. तिची अडचणीची बाजू आता.

गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजनेचे पंप आठवतात, पण हा वाद सगळ्यात नीट मांडणारा माणूस त्याच गावात १८५६ मध्ये जन्मला. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर महाराष्ट्र पेटला होता. पार्श्वभूमी भयंकर होती. बंगालमध्ये फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली, आणि मुलगी दहा वर्षांच्या वरची म्हणून बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. विधेयक वयाची ती मर्यादा दहावरून बारावर नेणारं होतं, एवढंच. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, सुधारणा शिक्षणाने व्हावी, आणि ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं. आगरकरांचं म्हणणं, ज्या मुलीचा जीव जातोय तिला तुमच्या शिक्षणाची वाट बघायला वेळ नाही. आगरकरांना याची किंमत काय मोजावी लागली ते सर्वांना माहीत आहे. जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी त्यांची.

या वादात फिर्यादी कोण होती? फुलमणी. ती मेलेली. तिच्यासारख्या ज्या जिवंत होत्या त्या फिर्याद कशी देणार, कोणाविरुद्ध देणार, कोणाच्या घरी राहून देणार? म्हणजे इजा झालेलं माणूस आहे, पण त्याला तोंड नाही. अशा ठिकाणी सरकारने स्वतः फिर्यादी व्हायलाच हवं, आणि इथे ‘सरकारतर्फे’ या शब्दाचा अर्थ पूर्ण बदलतो. आजच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात, २००६ च्या, हेच केलंय. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलीला ठाण्यात यावं लागत नाही. ऊसतोडीला जाताना मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून लग्न उरकणारे बाप मी पाहिलेत. त्यांची अडचण खोटी नसते. तरीही ते लग्न थांबवलंच पाहिजे, आणि त्या कामात मुलीच्या बापाच्या नीतीपेक्षा सरकारची नीती मी वरची मानतो. इथे मी आगरकरांच्या बाजूचा आहे, तेही न अडखळता.

टिळकांचा मुद्दा मात्र फेकून देऊ नका. ज्यांना हवं त्यांनी स्वतःला बांधून घ्यावं, हे सज्ञान माणसांच्या बाबतीत उत्तम तत्त्व आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात, साडेआठला पुन्हा भोंगा. दंड नाही. तुमच्या ठरावातलं कलम तिथूनच आलेलं दिसतंय. मग तिथलाच दंड नसण्याचा भागही उचला. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. त्यातही शिक्षा नाही. पण नवरा गेल्यावर दुसऱ्या दिवशी जी बाई ‘माझ्या बांगड्या फोडू नका’ म्हणू इच्छिते तिच्या हातात एक कागद आला. भावकीपुढे तो कागद किती कामाचा, ते तिलाच विचारा.

कायदा कुठे थांबवायचा हे शिकायचं असेल तर साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी अठराएक वर्षं खस्ता खाल्ल्या तो जादूटोणाविरोधी कायदा वाचा. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. स्वतः दाभोलकर फलज्योतिषाचे कट्टर विरोधक. पण कायद्यात ज्योतिषाचा सल्ला, वास्तुशास्त्र, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना हात लावलेला नाही. तसं स्पष्ट कलमच आहे. गुन्हा कशाचा? भूत उतरवायच्या नावाखाली दोरखंडाने बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, चेटकीण ठरवून बाईची धिंड काढणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं. प्रत्येक नोंदीत एक मार खाल्लेलं किंवा फसलेलं माणूस आहे. श्रद्धा चूक की बरोबर याचा निवाडा विधानसभेने केला नाही. विरोधक वर्षानुवर्षं ओरडत होते की आता सत्यनारायण घातला तरी अटक होईल. झाली का कुणाला?

२०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही त्याच घराण्यातला. जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. तिथे फिर्यादी ते घर असतं, आणि ते घर फिर्याद द्यायला येतं तेव्हा त्याच्या पाठीशी कोणी नसतं. कायदा असायचा तो अशांसाठी.

सांगलीचं एक उदाहरण मी टाळू शकत नाही, जरी ग्रामसभेत ते वाचून दाखवणं तुम्हाला जड जाईल. शरीरविक्रय करणाऱ्या बायकांसाठीचा १९५६ चा कायदा त्या कामालाच गुन्हा म्हणत नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली, गिऱ्हाईक खुणावणं हे गुन्हे आहेत. पण त्याच कायद्याचं कलम ४ वाचा: अशा कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती गुन्हेगार. म्हणजे त्या बाईचा कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि तिच्याकडे राहणारी म्हातारी आई, कागदावर दोघेही आरोपी. कायदा तिला वाचवायला आला आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्या बायकांची संघटना सांगलीतच १९९६ मध्ये उभी राहिली, आणि तेव्हापासून त्या हेच सांगतायत की आम्हाला छाप्यापासून सोडवा. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की सज्ञान बाई स्वेच्छेने हे काम करत असेल तर छाप्यात तिला अटक करू नये, छळू नये. अल्पवयीन मुलीला त्या धंद्यात ढकलणाऱ्यावर मात्र कायदा जितका कडक होईल तितका थोडा. एकाच गल्लीत दोन घटना, आणि दोन्हींना एकच तराजू लावला की काय होतं, ते या कलमात दिसतं.

बैलांबद्दल कोणीतरी ग्रामसभेत विचारेलच, तेव्हा तेही. बैलही फिर्याद देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. बंद म्हणजे कशा, तर पहाटे, माळावर, निरोप्यांकरवी. जनावराला बघायला ना डॉक्टर ना कोणी अधिकारी. चाबूक, खिळे, बॅटरीचा शॉक सगळं चालायचं, कारण सगळंच बेकायदा म्हटल्यावर त्यात आणखी बेकायदा काय उरतं? डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता पुसेगावच्या मैदानाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरं तपासली जातात, चाबकाला मनाई आहे. पाळलं किती जातं यावर वाद घाला, मीही घालीन. पण वेदना रोखायचा कायदा आणि हौस रोखायचा कायदा यांत बैलाच्या भल्याचा कोणता, हे आठ वर्षांत आपल्यासमोर घडलंय.

‘पण मग बहुमताच्या भावनेला काही किंमतच नाही का?’ हा प्रश्न अगदी सुशिक्षित माणसं विचारतात. आहे, निवडणुकीत आहे. उरलेल्यासाठी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगून ठेवलंय: संवैधानिक नीती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे. ज्या साताऱ्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव घातलं गेलं, तिथेच बहुमताची नीती म्हणजे काय हे त्या पोराने वर्गाबाहेर बसून पाहिलं होतं. समलिंगी संबंधांवरचं कलम ३७७ आणि व्यभिचाराचं कलम ४९७ सप्टेंबर २०१८ मध्ये गेली ती याच रस्त्याने. व्यभिचार मला आवडतो असा त्याचा अर्थ नाही. घटस्फोटाला तो आजही आधार आहे. फसवणूक झालेल्या नवरा-बायकोला दिवाणी कोर्ट आहे. त्यासाठी फौजदाराला माजघरात बोलवायची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला: कोणाच्या फिर्यादीवरून? टाकून दिलेल्या बाईला पोटगी हवी असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात ती सोय आधीपासून आहे. नोंदणीने तिला जास्तीचं काय मिळालं ते मला दिसत नाही; घरमालकाला, शेजाऱ्याला आणि दोघांच्या भावांना काय मिळालं ते दिसतं. आपल्याकडे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर, कासकडे जाताना बसलेल्या पोरापोरींना पोलीस कायद्याच्या कलम ११० (सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन) आणि ११७ (त्याची शिक्षा) यांची भीती घालून जे केलं जातं त्याचाच हा राज्यभराचा आराखडा. त्या कलमांखाली जास्तीत जास्त शिक्षा १२०० रुपये दंड आहे, हे त्या पोरांना माहीत नसतं. त्यांना भीती असते ती घरी फोन जाण्याची, आणि सौदा त्या फोनचा होतो.

आता तुमचा ठराव.

डीजेचं कलम ठेवा. त्यात नीतीचा प्रश्नच नाही, कानाचा आणि हृदयविकाराच्या म्हाताऱ्याचा आहे. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम तुमच्या पाठीशी आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहानंतर उघड्यावर वाजवायचं नाही. ठरावात फक्त तक्रार कोण नोंदवणार ते लिहा.

शिवीच्या दंडाचं कलम गाळा, किंवा ‘दंड’ हा शब्द काढून ‘संकल्प’ लिहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ मध्ये असाच ५०० रुपयांचा ठराव केला, त्याचं कौतुक झालं, आणि हेतू कौतुकाचाच आहे. पण एखाद्याने ‘देत नाही, काय करायचं ते करा’ म्हटलं तर त्या दंडाच्या वसुलीचा अधिकार ग्रामपंचायतीकडे नाही. जिला शिवी दिली तिला भारतीय न्याय संहितेची कलमं आहेतच. तिला ठाण्यापर्यंत सोबत करा, ते जास्त उपयोगाचं.

लग्नाचं कलम सरळ फाडून टाका. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात गावाने, जातीने, खाप पंचायतीने पडायचं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. जन्माचा दाखला, विवाह नोंदणी, घरपट्टीच्या नोंदीचा नमुना आठचा उतारा या लोकसेवा हक्क अधिनियमाखालच्या सेवा आहेत. अडवल्या तर ग्रामसेवकाला स्वतःच्या खिशातून दंड बसू शकतो, म्हणून तो बिचारा तुमच्या ठरावावर सही करतानाच घाम पुसत असेल. भावकीला किंवा जातीला त्या घराशी व्यवहार तोडायला सांगितलंत तर २०१६ चा कायदा आडवा येईल, आणि तेव्हा वकीलपत्र घ्यायचंच झालं तर मी त्या घराचं घेईन, आत्ताच सांगून ठेवतो. एक भर मात्र सुचवतो: मुलगी अठराची आणि मुलगा एकविसाचा नसेल तर गाव ते लग्न लागू देणार नाही, मांडववाला आणि भटजीही येणार नाहीत, असं लिहा. हे टिकेल.

राहिलं दारूचं दुकान. इथे फिर्यादी आहेत, घरोघर आहेत, आणि त्या बायका आहेत. म्हणून मी या कलमाच्या बाजूने आहे, पण ग्रामसभेच्या आवाजी ठरावाने दुकान हलणार नाही. आडव्या बाटलीचं मतदान मागा: आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद, उभ्या बाटलीला म्हणजे चालू. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्या, राज्य उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं, मग गुप्त मतदान होतं. दुकान बंद झाल्यावर पिशवीवाला त्याच आडोशाला येणार, हेही धरून चाला. वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीत आहे आणि तिथल्या कोर्टात काय चालतं ते वकिलांना विचारा. दुकानाबरोबर व्यसनमुक्ती केंद्राची गाडी महिन्यातून एकदा गावात आणायचंही ठरावात घाला.

मतदानात गावं हरतात ती एका हिशेबामुळे. झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त बाटल्या आडव्या पडाव्या लागतात. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीलाच मत देते, असं समजा. तुमच्या यादीत मुंबईला माथाडीत, घाटकोपर-कोपरखैरण्यात संसार थाटलेल्या किती जणी अजून आहेत ते आधी मोजा, सासरी गेलेल्यांची नावं रीतसर कमी करून घ्या, आणि निवेदनासोबतच विनंती करा की मतदानाची तारीख गावच्या यात्रेला लागून द्यावी, म्हणजे मुंबईकर बायका एसटीने आलेल्या असतील.